बारा किलो बर्फ

पहाटे चार वाजता उद्यमनगरच्या मागे
बर्फ कारखान्याचा पत्रा वर गेला
आणि इलाही मुजावरनं लादीवर टोचा मारला.
एकच घाव. लादी तिला हवी तिथंच फुटली.
"बारा किलो भरंल. मासळीला?"
"नाही. पाठीवर घेऊन चालायचंय."
त्यानं मान वर केली नाही.
भाताच्या तुसात लोळवून, गोणपाटात शिवून दिली,
पैसे मात्र मासळीवाल्यांच्याच दरानं घेतले.

मागच्या साली सॅकमध्ये विटा भरायचे.
जोतिबाच्या पायऱ्या, वर खाली, वर खाली.
विटा प्रामाणिक असतात :
वर जेवढ्या, खाली तेवढ्याच.
त्या विटांच्या भरवशावर गढवालात गेले,
हिमनदी ओलांडली,
आणि शिखर चारशे हात वर असताना
मागे फिरले.
डाव्या पायाच्या दोन बोटांना अजून
चप्पल कळत नाही.

दाजीपूरच्या नाक्यावर वनरक्षकानं सॅक चाचपली.
"प्लास्टिक?"
"नाही."
"मग गार काय लागतंय?"
सांगितलं. वहीच्या अरुंद रकान्यात त्यानं तिरकं लिहिलं :
बर्फ, नग एक.

मग वाट.
वाट कसली, पावसाळी ओढ्यानं टाकलेली कात.
सुटे धोंडे, मुळ्यांचे अडसर,
कारवीच्या वाळक्या काठ्या खांद्याला खांदा लावून.
गव्याच्या शेणावर अजून वाफ,
म्हणजे तो इथंच कुठंतरी
माझं पुढं जाणं ऐकत उभा.
अंजनी निळी फुललेली. वरून शेकरूनं
अर्धं खाल्लेलं फळ टाकलं, नेमकं सॅकवर.

पहिला तास पाठ नुसती गार.
दुसऱ्या तासाला कण्यावरून एक थेंब उतरला,
कमरेशी थांबला, विचार करून पुढं निघाला.
तिसऱ्याला टाचा भिजल्या.
वळून पाहिलं तर धुळीत माझ्यामागून
ओला धावदोरा,
आणि मुंग्या आधीच त्याच्या काठाला.

तिथं वर, रात्री, तंबूखाली बर्फ कण्हायचा.
वाटाड्या मोरसिंग म्हणायचा, म्हातारा कूस बदलतोय.
दरसाल तो हिमनदीच्या तोंडाशी
एका दगडावर तांबडी खूण रंगवायचा.
पहिली खूण देवळाजवळ होती.
तिथून राखाडी खडीतून सकाळभर चाललो
तेव्हा कुठं तोंड आलं.
खुणा मोजत होते.
आठावर मोजायचं सोडलं.

सड्यावर आले तेव्हा जांभा बुटातून बोलत होता.
समोर शिवगड, उघडा, तपकिरी,
माथ्यावर पांढरं म्हणाल तर एक बगळाही नाही.
धनगरवाड्याच्या पहिल्या दारात बयाबाई येडगे,
मांडीवर करडू, त्याचा पुढचा गुडघा टरटरून सुजलेला.
"पोरी, पाठ गळाय लागलीया तुजी."

सॅक उघडली. तूस, चिंब गोणपाट,
आणि मधे नारळाएवढं काहीतरी, आरपार दिसणारं.
तिनं ते या हातातून त्या हातात केलं.
"भाजतंय की गं!"
मग लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून
करडाच्या गुडघ्याला धरलं.
करडू ओरडलं. मग ओरडायचं विसरलं.
"कुठनं आणलंस?"
"कोल्लापुरातनं."
"एवढंच द्याला आलीस व्हय?"
मला उत्तर आलं नाही.
"पुढच्या खेपंला मोठं आण," ती म्हणाली,
जणू तिकडं ते ढिगानं पडलेलं असतं.

तिच्या बोटांमधून पाणी अंगणात उतरत होतं,
कोंबडी येऊन पिऊन गेली.
शिवगड अजून चारशे हात वर होता.
मी डाव्या बुटाची नाडी सोडली
आणि पाऊल ओल्या गोणपाटावर ठेवलं.
दोन बोटांना काहीच कळलं नाही.
बाकीच्या तिघांना कळलं.